स्तन काढल्यानंतर प्रोस्थेसिसच्या (ब्रामध्ये घालायच्या कृत्रिम स्तनाच्या) वजनाने पाठ सरळ राहते, हे कितपत खरं?

ओवी

माझी डाव्या बाजूची स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया गेल्या वर्षी झाली. पूर्ण स्तन आणि काखेतल्या गाठी काढल्या, मग केमो, मग शेक (रेडिएशन). आता तब्येत चांगली आहे, नोकरीवरही रुजू झालेय. उपचारांबद्दल इथे आधीचे चांगले धागे आहेत, त्यामुळे तो विषय इथे नको. मला विचारायचंय ते नंतरच्या रोजच्या उठण्याबसण्याबद्दल.

प्रोस्थेसिस घ्यायला आई आणि मी ज्या दुकानात गेलो, तिथल्या बाईंनी आईला सांगितलं, "एका बाजूचं वजन गेलंय. ते भरून काढलं नाही तर मणका वाकडा होतो." आई घाबरली. माझ्या मापाचा, भरीव सिलिकॉनचा, त्यांच्याकडचा सगळ्यात महाग तुकडा आम्ही घेऊन आलो. मी तो रोज घालते, घरातसुद्धा.

आणि तरीही मावसबहिणीच्या लग्नाच्या फोटोंत माझा डावा खांदा पुढे आलेला आणि थोडा वर उचललेला दिसतो. मान उजवीकडे कललेली. संध्याकाळपर्यंत डाव्या पट्ट्याचा वळ उठतो आणि मानेपासून फऱ्यापर्यंत (खांद्यामागच्या पसरट हाडापर्यंत) ओढ लागते. खाली वाकले की तो तुकडा छातीपासून सुटून पुढे लोंबतो, म्हणून हात आपोआप तिथे जातो. पायऱ्या उतरताना हात छातीवर, रिक्षातून उतरताना हात छातीवर.

वजनाने तोल सांभाळला जात असेल तर माझा का जात नाहीये? आणि नसेल जात, तर एवढं वजन घालायचं कशासाठी? ज्या यातून गेल्या आहेत किंवा या क्षेत्रात आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले "हात वर जातोय ना? मग ठीक आहे."

मोगरा

ओवी, प्रश्न माझ्या मनातला आहे. वाचतेय.

फिजिओ_मिरज

ओवी, मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझ्याकडे येणाऱ्यांत स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या बऱ्याच जणी असतात. तुम्ही फोटोत जे पाहिलंत, ते मी जवळजवळ रोज बघते. बहुतेक वेळा त्याचं कारण गेलेलं वजन नसतं.

आधी छातीवर काय झालंय ते बघू. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हॉल्स्टेड या अमेरिकी सर्जनची जी शस्त्रक्रिया रूढ झाली, तिच्यात स्तनाबरोबर छातीचे स्नायूही काढत. त्या बायकांच्या छातीला खरोखर खळगा पडायचा आणि खांद्याची ताकद जायची. १९४८ मध्ये पेटी या ब्रिटिश सर्जनने मोठा स्नायू राखण्याची पद्धत मांडली, आज आपल्याकडे होते ती त्याच वळणाची. म्हणजे तुमचा छातीचा मोठा स्नायू जागेवर आहे. पण त्याच्यावरची कातडी ओढून शिवलेली आहे, व्रण आतल्या थराला चिकटलेला असू शकतो, आणि शेक घेतलेली जागा पुढे कित्येक महिने, काहींच्या बाबतीत काही वर्षं, आवळत राहते. ही सगळी ओढ खांद्याला पुढे आणि आत खेचते. खांदा पुढे आला की फरा पुढे कलतो, पाठीला पोक येतो, आणि समोर बघायचं म्हणून हनुवटी पुढे निघते. हात वर नेताना खांद्याच्या सांध्यात जागा कमी पडते आणि कळ येते.

दुसरं, भीती. कुणाचा धक्का लागेल, व्रण ओढला जाईल, कुणाच्या लक्षात येईल, म्हणून बाई अंग चोरून चालते. कोपर बरगड्यांना चिकटवून धरते. हात आखडला की चालताना झुलत नाही, हात झुलला नाही की धड वळत नाही, आणि मग सगळं चालणंच ताठर होतं. हे दुखणं संपल्यावरही सवय म्हणून राहतं. तुमचा छातीवर जाणारा हात हा याचाच भाग आहे, आणि त्याला तुमचा न बसणारा प्रोस्थेसिस खतपाणी घालतोय.

तिसरं, आणि हे तपासून घ्याच. काखेतल्या गाठी काढताना तिथून जाणारी एक लांब नस दुखावू शकते. ती फऱ्याला बरगड्यांशी धरून ठेवणाऱ्या स्नायूची नस. भिंतीसमोर उभं राहून दोन्ही तळवे भिंतीवर टेका, ढकला, आणि घरातल्या कुणाला तरी उघडी पाठ बघायला सांगा. डावा फरा पंखासारखा बाहेर निघत असेल तर ते प्रोस्थेसिसचं काम नाही, फिजिओचं आहे.

अनंत_ठाणे

माझ्या पत्नीच्या वेळी हाच प्रश्न आला होता. पेशाने मेकॅनिकल इंजिनियर असल्याने मी आकडे मांडले, ते इथे देतो.

मध्यम मापाच्या स्तनाचं वजन ४०० ग्रॅम धरा. त्याचा मध्य शरीराच्या मध्यरेषेपासून साधारण ९ सेंटीमीटरवर. तो गेल्यावर शरीराला एका बाजूला कलवणारा जो फरक पडतो तो ०.४ गुणिले ९, म्हणजे ३.६ किलो-सेंटीमीटर. आता खांद्यावर अडकवलेली २ किलोची पर्स घ्या, डबा आणि पाण्याची बाटली असलेली. ती मध्यरेषेपासून १८ सेंटीमीटरवर लटकते. २ गुणिले १८, म्हणजे ३६. दहापट. वर्षानुवर्षं एकाच खांद्यावर पर्स नेणाऱ्या बाईला कुणी मणक्याचं भय घालत नाही.

स्तन जड असेल, समजा किलोभर, तर हिशोब ९ च्या आसपास जातो. तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही, कारण तो दिवसभर असतो, पर्स निदान खाली ठेवता येते. ज्यांची छाती मोठी आहे त्यांना उरलेल्या बाजूचं ओझं जाणवणं साहजिक आहे. पण लहान आणि मध्यम मापात वजनाच्या फरकाने मणका वाकावा, हे मला गणितात दिसत नाही.

फिजिओ_मिरज

अनंत, तुमचं गणित अभ्यासांशीही जुळतं. पोलंडमध्ये या विषयावर बरंच काम झालंय. पोझ्नानच्या संशोधकांनी शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांचं चालणं आणि धडाच्या हालचाली प्रोस्थेसिस घालून, न घालता, वेगवेगळ्या वजनांचे घालून मोजल्या. वजनामुळे म्हणावा असा फरक दिसला नाही. अशा अभ्यासांत बायका कमी असतात आणि मोजमापं प्रयोगशाळेतली असतात, चौदा तास उभं राहून घर-नोकरी करणाऱ्या बाईची नसतात, हेही लक्षात ठेवायला हवं. तरी "घातला नाहीत तर मणका वाकडा होईल" असं छातीठोकपणे सांगण्याइतका आधार नाही. घाबरलेल्या बाईला असं सांगून वस्तू विकणं मला फार खटकतं.

याचा अर्थ प्रोस्थेसिस निरुपयोगी असा कृपया घेऊ नका. वजनाचं एक खरं काम आहे, ते म्हणजे ब्रा खाली धरून ठेवणं. एक कप रिकामा किंवा फार हलका असला की ब्रा त्या बाजूने वर सरकते, बाई ती सारखी खाली ओढते किंवा खांदा उचलून धरते. आणि नीट बसलेला, हलणार नाही याची खात्री असलेला प्रोस्थेसिस मिळाला की हात छातीवरून निघतो, खांदे मोकळे होतात. माझ्या मते खरा फायदा हा आहे. त्यासाठी तो जड असण्यापेक्षा जागेवर राहणारा असणं महत्त्वाचं.

कृष्णाकाठ

आमची आई शेतात जाते. उजवी बाजू काढली त्याला बरीच वर्षं झाली. दवाखान्यातून येताना कुणी काही सांगितलं नाही. शेजारच्या काकूंनी सुती पिशवीत मोहरी भरून शिवून दिली, ती आई ब्लाउजमध्ये ठेवायची. वजन छान मिळायचं, पण घामाने मोहरी ओली व्हायची, वास यायचा, आणि भांगलणीला वाकलं की पिशवी गळ्यापाशी यायची. मग आई एका हाताने खुरपं आणि दुसऱ्या हाताने पिशवी सांभाळायची. पाठ दुखायला लागली ती तेव्हा. आम्हाला वाटायचं ऑपरेशनमुळे दुखतेय.

पुढे मी पुण्याहून सिलिकॉनचा आणून दिला. तिने तो लग्नाकार्याला घातला, शेतात नाही. उन्हात तापतो म्हणते, खाली घाम साचून पुरळ येतं. आता शेतावर ती कापूस भरलेली हलकी गादी घालते, ब्लाउजला आतून कप्पा करून. पाठीचं दुखणं बरंच कमी झालंय.

एक विचारायचं होतं. तिला "या हाताने जड उचलायचं नाही, कधीच" असं सांगितलेलं आहे. वैरणीचा भारा ती सगळा डाव्या हाताने उचलते आणि डोक्यावर घेते. तिची पाठ डावीकडे भरलेली आणि उजवीकडे सुकल्यासारखी दिसते. हे बरोबर आहे का?

फिजिओ_मिरज

कृष्णाकाठ, तुम्ही जे वर्णन केलंत त्यात दोन्ही गोष्टी आल्या. आईची पाठ बिघडली ती पिशवी सांभाळायच्या धडपडीत, आणि नंतर एकाच बाजूने काम केल्याने.

"कधीच उचलायचं नाही" हा सल्ला पूर्वी सगळीकडे देत, हाताला सूज येईल म्हणून. २००९ मध्ये अमेरिकेत एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात स्तनाच्या कर्करोगातून गेलेल्या स्त्रियांना देखरेखीखाली, हळूहळू वाढवत वजनं उचलायला लावली होती. सूज वाढली नाही, ताकद वाढली. म्हणून आता आम्ही हात वापरायला सांगतो, पण चढत्या क्रमाने. आईंनी एकदम भारा उचलू नये. आधी अर्धा लिटरची पाण्याची बाटली, मग एक लिटर, काही आठवड्यांनी थोडं जास्त. हात जड वाटला, अंगठी किंवा बांगडी घट्ट व्हायला लागली, तर थांबायचं आणि दाखवायचं. शेतात हाताला काटा, कापणं, कीटकाचा चावा यांची मात्र काळजी घ्या, त्या हाताला जखम होऊन लालसर सूज आणि ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

शिवणवर्ग

मी शिवणकाम करते. माझ्याकडे अशा चार-पाच मैत्रिणी ब्लाउज आणि ब्राचे कप्पे शिवून घेतात, म्हणून हाताखालचं सांगते.

दुकानात कप्प्याची ब्रा महाग मिळते आणि सगळ्या मापांत मिळत नाही. साध्या, पूर्ण झाकणाऱ्या कपाच्या, तार नसलेल्या सुती ब्राला आतून मऊ होजियरीचा तुकडा लावायचा. खालून, मधून आणि वरून शिवायचा, काखेच्या बाजूने तोंड ठेवायचं. तोंड वर ठेवलं तर वाकल्यावर प्रोस्थेसिस बाहेर येतो. शिवण व्रणावर येत नाही ना हे घालून बघायचं. पट्टे रुंद हवेत. ओवी, तुझा वळ अरुंद पट्ट्यामुळेही असेल. पट्टा घट्ट करून वजन वर उचलायचं नाही, वजन छातीभोवतीच्या पट्टीने पेलायचं असतं. ती सैल असली की सगळा भार खांद्यावर येतो.

ब्लाउजचं माप नेहमी प्रोस्थेसिस घालून द्यायचं, आणि दोन्ही बाजूंची मापं वेगवेगळी घ्यायला सांगायची. गळा नेहमीपेक्षा थोडा वर, मुंढा थोडा सैल, म्हणजे हात उचलला तर अख्खा ब्लाउज वर जात नाही. हुक पुढेच. डाव्या बाजूची शस्त्रक्रिया असेल तर जरीच्या साडीचा पदर खांद्यावर जड होतो, आणि पदर सांभाळायला खांदा उचलून धरला जातो. पिन ब्लाउजच्या खांद्याच्या शिवणीत पक्की लावा, पदर हाताने धरायची वेळ येऊ देऊ नका. लग्नाच्या फोटोत खांदा वर दिसला त्यात याचाही वाटा असेल.

लेस्टरहून

इकडे इंग्लंडमध्ये एनएचएसतर्फे (सरकारी आरोग्यसेवेतर्फे) प्रोस्थेसिस मोफत मिळतो आणि जुना झाला की बदलूनही मिळतो. शस्त्रक्रियेनंतर लगेच कापसासारखा अगदी हलका, मऊ तुकडा दिला, तो नुसता आत ठेवायचा. सिलिकॉनचा सहा ते आठ आठवड्यांनी, जखम पूर्ण भरल्यावर. शेक घेतलेल्यांना कातडी बरी होईपर्यंत अजून थांबवतात.

मला सगळ्यात उपयोगी पडली ती माप घेणारी नर्स. तिने आरशासमोर उभं करून दोन्ही हात वर करायला लावले, मग पायाच्या बोटांपर्यंत वाकायला, खुर्चीवर बसायला, खोलीत चालायला. प्रत्येक वेळी ब्राची मधली पट्टी छातीच्या हाडाला टेकलेली आहे का आणि दोन्ही बाजूंची खालची कड एका रेषेत आहे का हे बघितलं. पहिले दोन प्रोस्थेसिस तिने परत ठेवले. तिसरा आधीच्यांपेक्षा हलका होता, तो बसला. तिचं म्हणणं होतं की उरलेल्या स्तनाच्या आकाराशी तो जुळला पाहिजे, वजन तंतोतंत जुळायची गरज नाही. ओवी, तुम्हाला दुकानात हे सगळं करून दाखवलं होतं का?

ओवी

नाही. उभं केलं, कपड्यावरून बघितलं, "छान दिसतंय" म्हणाल्या.

सुईदोरा

विणलेल्या प्रोस्थेसिसबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. मऊ सुताचा विणलेला, आत तंतूंचं भरण. अमेरिकेत २०११ मध्ये बार्बरा डेमोरेस्ट या बाईंनी स्वतःच्या शस्त्रक्रियेनंतर ही चळवळ सुरू केली, आणि आपल्याकडे मुंबईत साईशा इंडिया ही संस्था स्वयंसेवकांकडून विणून घेऊन ते मोफत देते. मीही विणते.

गुण म्हणजे हलके, घाम शोषतात, हाताने धुता येतात. मुंबईच्या मे महिन्यात लोकलने जाणाऱ्या बाईला याचं मोल कळेल. उणीव तीच जी वर फिजिओंनी सांगितली, हलकेपणामुळे ब्रा वर सरकते. त्यावर उपाय सोपा आहे. मागच्या बाजूचं तोंड दोरीने आवळायचं असतं, ते उघडून भरणात लहानशा कापडी पुरचुंडीत काचेचे मणी किंवा नदीतले गुळगुळीत खडे बांधून ठेवायचे, खालच्या अंगाला. ब्रा जागेवर राहीपर्यंत थोडे थोडे वाढवायचे. जितके लागतील तितकेच. धुताना पुरचुंडी काढायची.

मोकळी

मी काहीच घालत नाही. उजवी बाजू सपाट आहे. सुरुवातीला सैल कुर्ते आणि ओढणी असायची, आता तीही नसते. माझी पाठ सरळ आहे, रोज पोहते. हे लिहितेय ते कुणाला पटवायला नाही. प्रोस्थेसिसमुळे ज्यांना बाहेर पडायला धीर येतो त्यांनी तो जरूर घालावा, पण ज्यांना नको आहे त्यांना "पाठ वाकेल" म्हणून भाग पाडू नये. माझ्या सासूबाईंनी वर्षभर हेच ऐकवलं होतं, कुणीतरी त्यांना सांगितलं होतं म्हणून. त्या माझ्या काळजीनेच बोलत होत्या.

माझा खांदा मोकळा झाला तो व्यायामाने, तो सोडू नका एवढंच.

मोगरा

पण व्यायाम नेमका कोणता? मला कागद दिला होता त्यावर चित्रं इतकी पुसट होती की काही कळलं नाही. आणि माझ्या काखेतून कोपरापर्यंत एक दोरी ताणल्यासारखं होतं, हात सरळ केला की दिसतेसुद्धा. घाबरून मी हात वर करणंच सोडलंय.

फिजिओ_मिरज

मोगरा, ती दोरी बऱ्याच जणींना येते, विशेषतः काखेतल्या गाठी काढल्यावर पहिल्या काही आठवड्यांत. आपण काही चुकीचं केलं म्हणून येत नाही. हात वर करणं सोडलंत तर खांदा आखडेल, म्हणून एकदा तपासून घ्या आणि सावकाश ताण देत राहा. बहुतेकींची ती जाते.

व्यायामाचं सांगते. जखमेतलं पाणी काढणाऱ्या नळ्या निघेपर्यंत हात खांद्याच्या उंचीपेक्षा वर न्यायचा नाही असं आम्ही साधारणपणे सांगतो, पण बोटं, मनगट, कोपर पहिल्या दिवसापासून हलवायचं, केस विंचरायचे, त्या हाताने जेवायचं. नंतर भिंतीला तोंड करून बोटं वर वर चालवत न्यायची आणि पोहोचली तिथे पेन्सिलची खूण करायची. लाटणं दोन्ही हातांत धरून, पाठीवर झोपून, डोक्यामागे न्यायचं. चांगला हात दुसऱ्याला ओढून नेतो, म्हणून हे सोपं जातं. पोकासाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दोन्ही फरे एकमेकांकडे आणि खाली ओढून पाच मोजेपर्यंत धरणं, दिवसातून आठवेल तेव्हा. दाराच्या चौकटीला दोन्ही हात टेकून छाती हळूच पुढे नेणं हा ताण शेक संपल्यावर कातडी बरी झाली की सुरू करा, आणि सोडू नका, कारण शेकाची जागा आवळतच असते. व्रण पूर्ण भरल्यावर बोटांनी तेल लावून गोल चोळला की खालच्या थरापासून सुटतो.

लवकर आणि पद्धतशीर फिजिओथेरपी सुरू केली तर वर्षभराने हात चांगला चालतो, हे इंग्लंडच्या २०२१ च्या चाचणीत दिसलंय. ज्यांना पुढे खांद्याचा त्रास होण्याची शक्यता जास्त होती, अशा जवळजवळ चारशे बायका त्यात होत्या. आपल्याकडे मात्र शस्त्रक्रियेच्या आधीच एकदा फिजिओकडे पाठवणं फार थोड्या ठिकाणी होतं. प्रोस्थेसिसचं दुकान बाईला सापडतं, फिजिओ सापडत नाही. हे बदलायला हवं.

ओवी

सगळ्यांचे मनापासून आभार. भिंतीची चाचणी नवऱ्याकडून करून घेतली, फरा बाहेर निघत नाहीये. माझा प्रोस्थेसिस स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून बघितला, ६१० ग्रॅम भरला. उजवी बाजू मोजायचा काही मार्ग नाही, पण एवढं नक्कीच नसावं, ब्राच्या कपाचं माप 'बी' आहे माझं. आईला अनंत यांचं गणित वाचून दाखवलं, तिचा जीव भांड्यात पडला. घरात असताना मी तो काढून ठेवायला लागलेय, साईशाकडे विणलेला मागवला आहे, आणि शिवणवर्ग यांनी सांगितलं तसा कप्पा आमच्या शिंपीणकाकू शिवून देणार आहेत.

एक शेवटचं विचारते. हा सिलिकॉनचा टाकून द्यायचा का? एवढे पैसे गेलेत.

लेस्टरहून

टाकू नका. कप्पा असलेल्या ब्रामध्ये, रुंद पट्ट्यांवर तो पुन्हा घालून बघा, बाहेर जाण्यापुरता. कदाचित बसेल. नाहीच बसला तर त्याच आकारात हलक्या सिलिकॉनचे मिळतात, पुढच्या वेळी तो घ्या. रोज वापरला तर साधारण दोन-तीन वर्षं टिकतो. कोमट पाणी आणि साध्या साबणाने रोज धुवा, त्याच्याच साच्यात ठेवा, आणि त्याला पिन लावू नका. एक भोक पडलं तरी आतलं झिरपायला लागतं.

फिजिओ_मिरज

आणि ओवी, ज्या दिवशी तो घालाल त्या दिवशी संध्याकाळी पट्ट्याखालची कातडी आणि त्या बाजूचा दंड बघत जा. वळ रात्रीपर्यंत जात नसेल किंवा दंड दुसऱ्यापेक्षा जाड वाटत असेल तर सूज मोजून घ्या, साधी शिंप्याची टेप चालते. कोपराच्या वर आणि खाली, दोन्ही हातांवर सारख्याच अंतरावर. आकडे लिहून ठेवा आणि पुढच्या तपासणीला घेऊन जा.